हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज हायवेवर कुठे गळतं? (इंदूर–धुळे–पुणे, घाटांसकट)

स्नेहलतागंज

गाडी टोयोटाची हायरायडर स्ट्राँग हायब्रिड, १४,००० किमी झालेली. शहरात स्क्रीनवर २५-२६ दिसतं. इंदूर–पुणे फेरीत चार माणसं, डिकी गच्च, क्रूझ कंट्रोल १०५ ते ११० वर. टाकी ते टाकी मोजलं तर १८.४. कंपनीचा आकडा २७.९७. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: ‘सब नॉर्मल है’.

तीन प्रश्न:
१. गाडीत दोष आहे का?
२. मानपूरच्या पुढे घाट उतरताना पाय एक्सलेटरवर नसतो, तरी इंजिन ओरडतं. तेव्हा पेट्रोल जळतं का?
३. घरात आता प्लग-इन (भिंतीतल्या विजेवर चार्ज होणारी) हायब्रिड येते आहे. ती याच रस्त्यावर कशी चालवायची? दोन्ही गाड्यांना एकच पद्धत चालते का?

एबी_रोड

दोष गाडीत नाही, वेगात आहे. २७.९७ हा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला आकडा, आणि त्या चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. बहुतेक वेळ तर त्याच्या कितीतरी खाली असतो. तुम्ही गाडी चालवता ११० वर.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट, विरोध दीडपटीहून जास्त. हायरायडरसारख्या गाडीचा माणसं-सामानासकट १६०० किलो वजन धरून, सपाट रस्ता, वारा नाही, एसी चालू, असा हिशेब मांडला तर साधारण असं येतं:

८० ला – २६ किमी/लिटर
९० ला – २३
१०० ला – २० ते २०.५
११० ला – १८
१२० ला – १६

हे कागदावरचे आकडे आहेत, तुमच्या गाडीत एखादा किलोमीटर इकडेतिकडे होईल. पण दोन ओळींमधला फरक बघा. १०५-११० ला १८.४ म्हणजे गाडी ठणठणीत आहे.

इंदूर–धुळे साधारण २६० किमी. सलग ११० ऐवजी सलग ९० ठेवले तर कागदावर अर्धा तास जास्त लागतो. टोल, ट्रक, गावं धरली तर प्रत्यक्षात वीस मिनिटं. पेट्रोल वाचतं तीन लिटर. वीस मिनिटं महत्त्वाची की तीन लिटर, हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र ‘हायब्रिड असून अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार तेवढी करू नये.

लसूडिया_मोरी

टायरमधली हवा कधी बघितली होती? आणि छतावर कॅरिअर आहे का?

स्नेहलतागंज

कॅरिअर नाही. हवा निघण्याच्या दिवशी दुपारी पंपावर बघितली, दाराच्या स्टिकरवर आहे तेवढीच होती.

लसूडिया_मोरी

मग ती कमी होती. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. दुपारच्या उन्हात दहा किमी चालून आलेल्या टायरमध्ये तेवढीच हवा निघाली, तर सकाळी ती तीन-चार पीएसआयने कमी असणार. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआयचा फरक पडतो. सकाळी, घरापासून दोन-तीन किमीच्या आत भरा. पूर्ण लोडसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर तो घ्या. आणि वाटेत टायर गरम झाल्यावर हवा ‘जास्त’ दिसली म्हणून काढू नका. ही चूक पंक्चरवाले आवर्जून करून देतात.

सामानाचा बाऊ करू नका. सपाट रस्त्यावर १०० किलोने दोनेक टक्केच फरक पडतो. छतावरचा भरलेला कॅरिअर मात्र १० ते २० टक्के सहज खातो, कारण तो वाऱ्यात उभा असतो. सामान आत, छत मोकळं.

एटकिन्सन

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

तुमच्या गाडीची मोठी बॅटरी पाऊण युनिटाची, म्हणजे सुमारे ०.७६ किलोवॉट-तास. त्यातलीही सगळी वापरायला मिळत नाही. आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती पूर्ण रिकामी करत नाही आणि पूर्ण भरतही नाही. स्क्रीनवर आठ दांड्या दिसतात त्या या मधल्या पट्ट्याच्या. हाताशी असतं ते ०.३ ते ०.४ युनिट.

आता घाट. १६०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे ०.४४ युनिट ऊर्जा सुटते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, काही मोटर-बॅटरीच्या देवाणघेवाणीत. उरलेली बॅटरीत. म्हणजे शे-दीडशे मीटर उतरलात की बॅटरी काठोकाठ, आणि माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना उतार त्याच्या दुप्पट-तिप्पट आहे. वरची दोन-तीन वळणं संपेपर्यंत बॅटरीतली जागा संपलेली असते.

पुढे आलेली ऊर्जा कुठे टाकायची? गाडी ती वीज छोट्या मोटरला देते आणि ती मोटर इंजिन फिरवते. इंजिनात पेट्रोलचा थेंब जात नाही, ते नुसता पंप होऊन हवा दाबत बसतं. त्यात ऊर्जा जिरते आणि गाडी रोखली जाते. तुम्हाला ऐकू येतं ते ओरडणं हेच. त्या वेळी तात्काळ अ‍ॅव्हरेजचा काटा बघा, टोकाला टेकलेला असेल. आवाज आला की घाबरून ‘एन’ (न्यूट्रल) करणारे लोक आहेत. तसं कदापि करू नका. टोयोटाच्या या पद्धतीत ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिनाचा रोधही जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. याच उतारावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन काय काय झालंय ते इथे कोणाला सांगायला नको.

गौरी_महू

मग बी मोड (लिव्हरवरची इंजिनाच्या रोधाची जागा) लावायचा की डी मध्येच ब्रेकने उतरायचं? मॅन्युअलमध्ये एकच ओळ आहे, ‘तीव्र उतारासाठी’.

एटकिन्सन

ताई, उतार किती लांब आहे त्यावर ठरवा.

डी मध्ये पाय उचलला की हलकी वीज-निर्मिती होते. ब्रेकला हलका पाय लावला की ती वाढते, डिस्क अजून घासायला लागलेली नसते. एका मर्यादेपर्यंत ब्रेक म्हणजे मोटरच. त्यामुळे उड्डाणपुलाचा उतार, टोलच्या आधीचा भाग, राऊ ते मानपूरमधले चढउतार यांना डी आणि लांबवर हलका ब्रेक.

बी मध्ये इंजिनाचा रोध आधीपासूनच मिसळतो. म्हणजे बॅटरीत जाऊ शकली असती अशी थोडी ऊर्जा इंजिन फिरवण्यात वाया जाते. म्हणून बी कायम लावून फिरू नये, अ‍ॅव्हरेज पडतं. पण लांब घाटात बॅटरी तशीही भरणारच आहे. तिथे वाचवायची असते ती डिस्क. घाट सुरू होण्याआधी वेग ५०-६० वर आणा, मग बी. वेग वाढू लागला तर ब्रेक ठाम दाबून दहा किमीने खाली आणा आणि सोडा. सतत पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात आणि ब्रेक ढिला लागायला लागतो.

खाली पोचल्यावर जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून निवू द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही. ती वाकडी होते आणि पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

रामबाग_वाडा

सिटी हायब्रिडवाल्यांसाठी पुरवणी. होंडाची रचना वेगळी आहे. शहरात इंजिन फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेच्या स्थिर वेगाला एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. स्क्रीनवर ऊर्जेचा नकाशा लावला की इंजिन आणि चाकांच्या मध्ये छोटा गिअर उमटतो. तो जितका वेळ टिकेल तितकं चांगलं. एक्सलेटरला सारखे झटके दिले की क्लच सुटतो, गाडी पुन्हा इंजिन-जनरेटर-मोटर या लांबच्या वाटेने जाते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतं. ८० ते ९५ च्या दरम्यान पाय स्थिर ठेवला की गिअर टिकतो. घाटात स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढून रोध वाढवता येतो, पण बॅटरी भरली की तिथेही तीच गत, इंजिन फिरायला लागतं.

टूल_किट

हायवेवर ईव्ही टक्केवारी (इंजिन बंद, फक्त विजेवर चाललेला वाटा) जास्त आली पाहिजे असं बरेच जण धरून चालतात. ९० ला जरा पाय सैल केला की हिरवी ‘ईव्ही’ अक्षरं येतात, मग ती टिकवायला पाय चोरत राहायचं. याने काही वाचत नाही. सपाट रस्त्यावर बॅटरीतून काढलेली प्रत्येक वीज पुढच्या दहा मिनिटांत इंजिनालाच परत भरावी लागते, आणि या जाण्या-येण्यात पाचवा हिस्सा तरी गळतो.

उताराची वीज फुकट असते, ती वापरा. सपाटीवर गाडीला तिचं तिला ठरवू द्या. पॉवर मीटरचा काटा इको पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात स्थिर ठेवला की झालं. हे अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन मध्यम-जास्त भाराला सगळ्यात काटकसरी असतं, नुसतं रेंगाळताना नाही.

स्नेहलतागंज

म्हणजे क्रूझ ९० ला लावून विसरून जायचं?

टूल_किट

खलघाट ते जुलवानिया सपाट आहे, तिथे हो. राऊ ते मानपूर किंवा सेंधव्याच्या अलीकडे-पलीकडे नाही. क्रूझला पुढचा चढ दिसत नाही. चढावर वेग दोन किमीने पडला की तो एकदम जोर लावतो, आणि माथ्यावर पोचून उतार सुरू होतो तेव्हा तोच वेग रोखत बसतो. पाय उलट करतो: चढावर ९० चे ८२ होऊ द्यायचे, माथ्याच्या जरा आधी पाय सैल करायचा, उतारावर गाडी आपोआप ९० ला येते.

टोलनाक्यालाही हेच. ९० वरून २० वर ब्रेकने आणलं तर १६०० किलोमधून ०.१३ युनिट निघतं, त्यातलं जेमतेम अर्धं पुन्हा चाकांपर्यंत पोचतं. अर्ध्या किलोमीटरवरून पाय उचलला तर तीच ऊर्जा गाडी पुढे नेण्यात पूर्ण वापरली जाते. मागे ट्रक चिकटलेला असेल तर हा शहाणपणा दाखवू नका.

निमाडी_ऊन

वाऱ्याचं कुणी बोललंच नाही. देवासच्या टेकडीवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, धुळे जिल्ह्यातही साक्रीकडे त्या आहेतच. मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि इंदूरहून धुळ्याकडे जाताना तो तोंडावर येतो. २० किमीचा समोरचा वारा आणि तुमचे ९० म्हणजे हवेच्या दृष्टीने ११०, विरोध जवळजवळ दीडपट. त्या दिवशी जाताना १९ आणि येताना २४ निघालं तर सर्व्हिस सेंटरला फोन करू नका.

दुसरं, ऊन. खलघाट-ठीकरी पट्ट्यात मे महिन्यात ४४ अंश नवे नाहीत. एसी सरासरी एक ते दीड किलोवॉट ओढतो. ९० च्या वेगाला एकूण खर्चाच्या दहा टक्के. तो बंद करा असं कोणी म्हणणार नाही, पण निमाडात ढाब्यावर एसी चालू ठेवून अर्धा तास बसू नका. गाडी उभी असली तरी बॅटरी उतरली की इंजिन दर थोड्या मिनिटांनी सुरू होतं, आणि त्या वेळचं अ‍ॅव्हरेज शून्य. सावली शोधा, निघताना चारही दारं मिनिटभर उघडा, मग एसी.

तिसरं, बॅटरीला हवा देणारी जाळी. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि तिच्यावर पिशव्या, चादरी, शेवेची पाकिटं रचू नका. बॅटरी तापली की गाडी तिचं घेणं-देणं आवळते आणि मग तुम्ही नुसतं छोटं पेट्रोल इंजिन घेऊन फिरत असता. जाळीवर धूळ साचली असेल तर सर्व्हिसला आठवणीने साफ करून घ्या, सांगितल्याशिवाय बहुधा होत नाही.

गौरी_महू

प्लग-इनचं राहिलं. तिथे बॅटरी मोठी, मग घाटात भरून जाण्याचा प्रश्नच नाही ना?

एबी_रोड

आहे, आणि इंदूरवाल्यांना तो जास्तच आहे. रात्रभर चार्ज करून सकाळी १०० टक्क्यांनी निघालात आणि थेट हायब्रिड किंवा होल्ड मोड (बॅटरी आहे तेवढीच राखणारा) लावून मानपूरला पोचलात, तर घाटाच्या माथ्यावर बॅटरी भरलेली. उताराची वीज घ्यायला जागा नाही. फुकटचं दूध आणि पातेलं आधीच भरलेलं. शिवाय एरवीचा मोटरचा रोध नसल्यामुळे ब्रेक वेगळाच लागतो, त्याची सवय नसते.

ढोबळ मानाने १८ युनिटांची बॅटरी, ८० किमी विजेवर, लोडसह अडीच टन वजन असं धरून पुण्याचा प्रवास असा लावा:

घर ते बायपास किंवा राऊ: विजेवर. सिग्नल, रिक्षा, रेंगाळणं. इथे मोटरला तोड नाही. वीसेक किमीत पंचवीस-तीस टक्के जातील.

हायवेचा वेग धरण्याच्या तीन-चार किमी आधी, ५०-६० च्या वेगाला, हायब्रिड किंवा होल्ड मोड लावा. इंजिन सुरू होईल आणि हलक्या भाराखाली गरम होईल. हे न करता विजेवरच १०० पर्यंत गेलात आणि मग ओव्हरटेकला पेडल दाबलं, तर थंडगार इंजिन थेट पूर्ण ताकदीने सुरू होतं. तेल पसरलेलं नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड. पेट्रोलही जास्त जातं आणि इंजिनाची झीजही होते. हीच गोष्ट हायरायडरला: बायपासला लागायच्या आधी ईव्ही बटण दाबून बॅटरी चाटून पुसून ठेवू नका.

घाट: ७० टक्क्यांनी उतरा. तीनशे मीटरच्या उतारात दोन युनिट सुटतात, वारा-टायर-गळती वजा जाता एकच हाती लागतं. म्हणजे पाच-सहा टक्के. जादू नाही, पण पाच किमीचं शहरी रेंगाळणं त्यात निघतं.

खलघाट ते धुळे, मालेगाव: होल्ड. इंजिन इथे त्याच्या सोयीच्या भारावर असतं, त्याला काम करू द्या.

मनमाड, येवला, कोपरगाव आणि नगरच्या आतली गर्दी: दोन-चार किमी विजेवर, पुन्हा होल्ड.

वाघोलीच्या अलीकडून पुढे: उरलेली सगळी वीज इथे संपवा. खराडीच्या सिग्नलांना इंजिन चालू ठेवण्यात अर्थ नाही. मुक्कामी चार्जिंगची सोय असेल तर रिकाम्या बॅटरीने पोचणं हेच बरोबर. पन्नास टक्के उरवून पोचलात तर ती वीज इंदूरहून पुण्याला नुसती वाहून नेलीत.

काही गाड्यांत नकाशात मुक्काम टाकला की गाडी हे सगळं स्वतः जमवते. ती सोय असेल तर आधी ती वापरून बघा.

लसूडिया_मोरी

चार्ज मोड विसरलात. हायवेवर इंजिनाने बॅटरी भरून घ्यायची आणि पुढच्या गावात विजेवर जायचं. इंजिनावर भार वाढला की ते जास्त कार्यक्षम होतं, असं टूल_किटनेच वर म्हटलंय.

टूल_किट

म्हटलंय, पण ९० च्या वेगाला इंजिनावर आधीच पुरेसा भार असतो. वर चार्जिंगचा भार टाकून कार्यक्षमता फारशी वाढत नाही. इंजिन, जनरेटर, बॅटरी, मोटर या वाटेत मात्र वीस-पंचवीस टक्के गळतात. पेट्रोलने बॅटरी भरणं म्हणजे दूधवाल्याकडून दूध घेऊन म्हशीला पाजणं.

लसूडिया_मोरी

आणि कमी वेगाला? ५०-६० ला मागे अडकलोय, इंजिन नुसतं गुणगुणतंय, तेव्हा?

टूल_किट

तेव्हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण साध्या हायब्रिड मोडमध्ये गाडी नेमकं हेच स्वतः करते: थोडा वेळ इंजिनाला नीट भार देऊन बॅटरीत टाकते, मग इंजिन बंद करून त्यावर चालते. बटण दाबायची गरज नाही. चार्ज मोडचा खरा उपयोग एकच, मोठ्या चढाआधी थोडी शिल्लक हवी असेल तेव्हा. शेव्हरोले व्होल्टमध्ये यासाठी वेगळा माउंटन मोडच होता. पण ज्याने सुरुवातीपासून होल्ड वापरलाय त्याच्याकडे शिल्लक असतेच.

रामबाग_वाडा

ढाब्यावर जेवताना प्लग-इन चार्ज करून घेऊ, ही कल्पनाही आधीच डोक्यातून काढा. हायवेवरचे फास्ट चार्जर डीसी असतात, बहुतेक प्लग-इन फक्त घरच्या सॉकेटसारख्या एसी विजेवर चार्ज होतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर पाऊण तासात दोनेक युनिट, म्हणजे दहा किमीची वीज. त्यासाठी ढाब्याच्या भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासत बसणार का? अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून मोकळा होतो, ते बरंच आहे. मुक्कामी रात्रभर लावा.

खर्चाचा हिशेबही युनिट धरून करा. ‘आमची प्लग-इन ३० देते’ यात भिंतीतून घेतलेली वीज कुणी मोजत नाही. अशी मोठी गाडी लिटरला १५-१६ जाते आणि युनिटला साडेचार-पाच. म्हणजे एक लिटर म्हणजे सव्वातीन युनिट. घरचं युनिट ८ रुपयांनी धरलं तर लिटरचं काम २६ रुपयांत होतं. मात्र मीटरवर दहा युनिट पडले तर बॅटरीत नऊच्या आसपास पोचतात, बाकी चार्जरची उष्णता.

खानदेशी_ठसका

परतीचं सांगा कुणीतरी. बिजासन घाट चढताना हायरायडर सुरुवातीला भरभर जाते आणि मग एकदम दम लागल्यासारखी होते. इंजिन टिपेला, वेग तेवढाच.

एटकिन्सन

कारण तेच, पाऊण युनिटाची बॅटरी. सुरुवातीला इंजिनाचे ९२ पीएस आणि वर बॅटरीची मदत. पेडल दाबून चढलात तर दीड-दोन किमीत दांड्या खाली येतात आणि मदत आटते. पुढचा घाट एकट्या इंजिनाने. ई-सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली रचना) असल्यामुळे इंजिन त्याच्या ताकदीच्या आरपीएमला जाऊन बसतं, गिअर बदलल्याचा आवाज येत नाही, म्हणून ‘क्लच सरकतोय’ असं वाटतं. या गाडीत सरकायला तसा क्लचच नाही.

उपाय: घाटाच्या तळाशी पाय मारू नका. पहिल्यापासून ६०-६५ स्थिर ठेवा, बॅटरी हळू उतरते आणि माथ्यापर्यंत पुरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चढावर ट्रक ओलांडण्याआधी बॅटरीच्या दांड्या बघा. दोन उरल्या असतील तर मघाशी मिळाला तो जोर आता मिळणार नाही. मनमाड–कोपरगावच्या दुपदरी भागात एकापाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या ओलांडतानाही हेच होतं. तिसऱ्या ओव्हरटेकला गाडी निराळी वागते.

खानदेशी_ठसका

त्याच उसाच्या ट्रॉल्यांमागे ६० ला अडकलं की अ‍ॅव्हरेज २६ च्या वर दिसायला लागतं, हेही लिहा.

एबी_रोड

बघा, वरचा तक्ता खरा ठरला. फक्त चिडचिडीचं अ‍ॅव्हरेज कुठल्या स्क्रीनवर येत नाही.

निमाडी_ऊन

मोजण्याबद्दल दोन ओळी. स्क्रीनचा आकडा साधारण तीन ते सहा टक्के फुगलेला असतो. खरं मोजायचं तर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या ‘टक’वर थांबून. गळ्यापर्यंत भरायचं नाही. त्याने हिशेबही चुकतो आणि टाकीची वाफ शोषणारा कॅनिस्टरही पेट्रोलने भिजतो. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची बेरीज करा.

आणि ई२०. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. वीस टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. जुन्या पेट्रोलवरच्या आकड्यांशी आजचं अ‍ॅव्हरेज ताडून बघताना हे वजा करा.

टूल_किट

ऑइलही. या इंजिनाला ०डब्ल्यू-१६ सारखं पाण्यासारखं पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये ‘गरमीत जाड बरं’ म्हणून २०डब्ल्यू-४० घालून देतात. हायब्रिडचं इंजिन एका प्रवासात शेकडो वेळा बंद-चालू होतं, प्रत्येक वेळी ऑइल पटकन वर पोचलं पाहिजे. जाड ऑइलने अ‍ॅव्हरेजही पडतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्नेहलतागंज

सगळ्यांचे आभार. पुढच्या फेरीसाठी हवा सकाळी, क्रूझ ९० आणि तोही फक्त सपाटीला, घाटात बी. एक शंका उरली. येताना धामनोदहून वर मानपूरला चढायचं असेल तर खालीच बॅटरी भरून ठेवायची काही युक्ती आहे का? थांबून ब्रेक आणि एक्सलेटर दोन्ही दाबलं की दांड्या वाढतात म्हणे.

एटकिन्सन

वाढतात. पेट्रोल जाळून, शून्य किलोमीटर जाऊन. करू नका. खलघाटचा पूल ओलांडल्यावर वेग ८० वर ठेवा. सपाटीला गाडी स्वतःहून पाच-सहा दांड्यांच्या आसपास राहते. चढाला तेवढ्या पुरतात.

माथ्यावर पोचलात आणि बॅटरी तळाला असली तरी काळजी नको, पुढे महूपर्यंतच्या चढउतारात ती भरते. राऊच्या सिग्नलला पोचाल तेव्हा गाडी पुन्हा विजेवर असेल.

गौरी_महू

राऊच्या सिग्नलला शुक्रवारी संध्याकाळी सगळ्याच दांड्या लागतात, शिल्लक ठेवून या.